दोन टाळ्या

दीड दिवसाचा गणपती गेला की त्या रात्री आमच्या हॉलमधली समई मालवत नाहीत. मखर रिकामं असतं, चौरंगावर चार अक्षता, केवड्याचं एक पान आणि विसर्जनाहून परत आणलेली मूठभर माती. देव आत्ताच उठून गेलाय, लगेच काळोख करू नये, असं आईचं म्हणणं. गेल्या गणपतीत त्या समईच्या उजेडात मुलं सिनेमा बघत बसली होती. दादाची रेवा, सतरा वर्षांची. तिचा धाकटा भाऊ. आणि बाजूच्या विंगमधल्या दोघी. मी साडेअकराला आत जाऊन आडवी झाले. दोन दिवस मोदक, माणसं, भांडी यांत गेले होते, त्यामुळे डोळा लगेच लागला. किती वाजता ते माहीत नाही, पण झोपेत मला दोन टाळ्या ऐकू आल्या. एक, मग एका श्वासाएवढी जागा, मग दुसरी. मी उठले. जाग आली असं म्हणता येणार नाही, नुसती उठले. पाय जमिनीला लागायच्या आत तोंडातून "आले हं बाबा" निघालं आणि दार उघडून मी पॅसेजमध्ये आलेसुद्धा. तिथे आई उभी होती. तिच्या एका हातात तांब्या होता, दुसऱ्यात भांडं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. हॉलमधून समईचा पिवळट पट्टा आईच्या पायापर्यंत आला होता, तिचे केस सुटे होते आणि तांब्यातलं पाणी हलत होतं. तेवढ्यात पुन्हा टाळ्या वाजल्या. आई माझ्याकडे न बघता सरळ हॉलच्या दारात जाऊन उभी राहिली. मुलांनी मान वळवली आणि चौघं अशी किंचाळली की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. मग हसणं झालं, रडणं झालं, "आजी, तू मारलंस आम्हाला" झालं. आईने फक्त एक विचारलं, "टाळी कोणी वाजवली रे?" रेवाने टीव्हीकडे बोट दाखवलं.

बाबांना जाऊन सोळा वर्षं होत आली आहेत.

तो सिनेमा मला माहीत होता. जेम्स वानचा 'द कॉन्ज्युरिंग'. २०१३ च्या पावसाळ्यात तो आला तेव्हा ऑफिसमधल्या चौघींबरोबर मी तो ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये बघितला होता. बघितला म्हणजे अर्धा बघितला. १९७१ साली एक कुटुंब, नवरा-बायको आणि पाच मुली, अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका जुन्या शेतघरात राहायला येतं. त्या मुलींचा एक खेळ असतो, आपल्या आंधळ्या कोशिंबिरीसारखा आणि थोडा लपंडावासारखा. डोळ्यांवर पट्टी बांधून शोधायचं, आणि शोधणाऱ्याला तीन वेळा टाळी मागता येते. लपलेल्याने टाळी द्यायचीच. एका दुपारी आई मुलीबरोबर हा खेळ खेळत असते. पट्टी बांधून, हात पुढे करून ती टाळीच्या दिशेने जिना चढते, एका खोलीत येते. तिथल्या कपाटाचं दार उघडतं आणि आतल्या कपड्यांमधून दोन हात बाहेर येऊन टाळ्या वाजवतात. मुलगी त्या खोलीत नाहीच. आईला हे माहीत नाही, आपल्याला दिसतंय. ती हसत हसत त्या हातांकडे जाते, आणि म्हणते की मला तुझा श्वास ऐकू येतोय.

मी तिथेच उठून बाहेर आले. मैत्रिणींना वाटलं, घाबरले. मी पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी उभी राहून काचेतून हायवेवरचा पाऊस बघत होते, आणि मला भीती बिलकूल वाटत नव्हती. छातीत जे काही चाललं होतं ते भीतीच्या उलट दिशेने चाललं होतं. कपाटातून आलेले ते हात बघून मला वाटलं होतं, अगं बाई, जा ना. जा, त्यांना काय हवंय ते विचार.

बाबांचा आवाज मोठा होता. वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते, तीस वर्षं लेथच्या घरघरीवरून बोलायची सवय, त्यामुळे घरातही कुजबुज म्हणून जे बोलायचे ते खालच्या किराणावाल्याला समजायचं. नौपाड्यातली आमची इमारत दोन मजल्यांची, लाकडी जिन्याची. ते कामावरून आले की पहिल्या पायरीवरूनच "चहा टाक गं" म्हणायचे, आणि ते वर पोचेपर्यंत आधण उकळत असायचं. गणपतीत आरतीला वाडीतली माणसं आमच्याकडे यायची ती मूर्तीसाठी कमी आणि बाबांच्या आवाजासाठी जास्त, असं मला लहानपणी खरोखर वाटायचं. झांज त्यांच्याच हातात. २००६ च्या गणपतीत त्यांचा आवाज बसला. आरत्या जास्त झाल्या, असं सगळ्यांनी ठरवलं. ज्येष्ठमध झालं, हळदीच्या गुळण्या झाल्या, एका डॉक्टरांनी तीन महिने चघळायच्या गोळ्या दिल्या. आवाज घोगरा होत होत फाटक्या कापडासारखा झाला. विडी चालूच होती. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर घसा आतून तपासून घ्यावा, हे साधं वाक्य आम्हाला कोणीतरी सप्टेंबरमध्ये सांगायला हवं होतं. आम्हाला ते जानेवारीत कळलं, परळच्या टाटा हॉस्पिटलात, एका बाकावर बसून. तेव्हा स्वरयंत्र काढण्याशिवाय दुसरा मार्ग उरलेला नव्हता.

स्वरयंत्र काढल्यावर काय होतं हे बहुतेकांना माहीत नसतं; मलाही नव्हतं. मला वाटलं होतं, माणूस मुका होतो, एवढंच. प्रत्यक्षात श्वासाची वाटच बदलते. गळ्याच्या खाली, छातीच्या सुरुवातीला एक भोक करतात, तिथूनच आत आणि तिथूनच बाहेर, कायमचं. नाकातून हवा जात नाही म्हणून वासही जातो. आई कांदा परतत होती आणि बाबा शेजारी बसून पेपर वाचत होते, फोडणी करपली तरी त्यांना कळलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की ते किती लांब गेले आहेत. फुंकर घालता येत नाही. गरम चहावर ते सवयीने वाकायचे, ओठ पुढे करायचे आणि तसेच थांबायचे. मग आई काही न बोलता तो बशीत ओतायची. खोकला आला तर हात तोंडावर नेऊन उपयोग नाही, गळ्यावर न्यायचा. भोकावर ओलसर गॉज लावून ठेवायचा, नाहीतर आतला कफ वाळून खपली धरते. सलाईनचे थेंब, ट्यूब धुवायचा बारीक ब्रश, सक्शनचं यंत्र. हसले तरी आवाज नाही, नुसती छाती हलायची आणि गळ्यातून हवेची एक शीळ यायची. अन्ननलिकेत हवा घेऊन ढेकरेसारखा आवाज काढायला शिकवतात, ते त्यांनी दोन आठवडे केलं आणि सोडलं. गळ्याला लावून बोलायचं बॅटरीचं यंत्रही आणलं. त्यातून आलेला स्वतःचा पहिला शब्द ऐकून त्यांनी ते बंद केलं, डब्यात घातलं आणि डबा माळ्यावर टाकला.

मग पाटी आली. जांभळी नाक्यावरून दादाने लाकडी चौकटीची दगडी पाटी आणली. दिवसा ती पुरायची. प्रश्न रात्रीचा होता. अंधारात पाटी कोण वाचणार? आईने देवघरातली घंटा त्यांच्या उशाशी ठेवली, तर त्यांनी पाटीवर लिहिलं, "मी देव नाही." स्टीलची वाटी आणि चमचा ठेवून बघितला, त्या आवाजाने वाडीतली कुत्री उठली. शेवटी त्यांनीच हात वर केले आणि दोनदा टाळी वाजवली. तिथून ते ठरलं. एक टाळी म्हणजे इकडे बघ. दोन म्हणजे ये. तीन म्हणजे कफ अडकलाय, मशीन आण. सलाईन लावून लावून डाव्या हाताची बोटं आखडली होती, त्यामुळे ते डावा तळवा तसाच अर्धवट मिटलेला ठेवून त्याच्यावर उजव्या हाताची चार बोटं मारायचे. टाळी पूर्ण वाजायची नाही. कोणीतरी ओल्या कपड्यावर थाप मारावी तशी. पण आमच्या कानांना ती इतकी ओळखीची झाली की रस्त्यावर ढोल चालू असले तरी आम्ही तिच्यावर उठायचो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या गणपतीत सगळे जमले. झांज कोणाच्या हातात द्यायची हे कोणी बोलत नव्हतं. बाबांनी ती उचलून दादाच्या हातात ठेवली आणि मागे जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. आरती सुरू झाली आणि ते टाळ्या वाजवायला लागले. अख्खी आरती, एकही मात्रा न चुकता. गळ्यावरचा गॉज आत-बाहेर होत होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळून मूर्तीकडे बघत राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आरती पाठ असूनही म्हणता आली नाही.

हे सगळं सांगतेय कारण त्या रात्रीनंतर मी तो सिनेमा पुन्हा बघायला घेतला, या वेळी पूर्ण, एकटीने, दुपारी, पडदे उघडे ठेवून. आणि मला त्यातला एक प्रसंग नव्याने दिसला. भूतप्रेतांचा माग घेणारं एड आणि लॉरेन वॉरन हे जोडपं त्या घरात येतं, तेव्हा साहजिकच प्रश्न निघतो की तुम्ही हे घर सोडून का जात नाही. कोणत्याही भुताच्या सिनेमात प्रेक्षक हाच प्रश्न विचारतो. त्या कुटुंबाचं उत्तर इतकं घरगुती आहे की मी सिनेमा थांबवून पाणी प्यायला गेले. आमचे सगळे पैसे या घरात अडकलेत, आणि सात माणसांना कोण घरात घेणार? घर त्यांनी बँकेच्या लिलावातून घेतलेलं असतं. आता गृहकर्ज डोक्यावर असलेल्या ठाण्यातल्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

ते कुटुंब खरं. पेरॉन त्यांचं नाव, गाव हॅरिसव्हिल, घर अठराव्या शतकातलं. सिनेमाचं चित्रीकरण मात्र तिथे न होता उत्तर कॅरोलायनात झालं. सिनेमात सगळं काही महिन्यांत उरकतं, शेवटी मंत्रोच्चार होतात, आईच्या अंगातलं निघून जातं आणि उजाडतं. खऱ्या आयुष्यात ते लोक त्याच घरात १९८० पर्यंत राहिले. नऊ वर्षांच्या वर. त्या घरात जे घडलं असं ते सांगतात ते खरं मानावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला ती नऊ वर्षं सोडवत नाहीत. म्हणजे तीन हजारांहून जास्त सकाळी. तीन हजार वेळा कोणीतरी चूल पेटवली असेल, पाच मुलींच्या वेण्या घातल्या असतील, शाळेच्या गाडीसाठी पळापळ झाली असेल. रात्री काय व्हायचं ते होऊ दे, सकाळी दूध उतू जाऊ द्यायचं नाही. बाहेरच्या माणसाला तेवढीच रात्र दिसते. आमच्याकडे भेटायला येणारे लोक दारातच आवाज बारीक करायचे, बाबांच्या गळ्याकडे बघायचं टाळायचे, पंधरा मिनिटांत उठायचे आणि जिन्यात म्हणायचे, कसं राहतात गं ही माणसं. आम्ही राहत होतो. मटार सोलत होतो, कॅरम खेळत होतो, बाबा पाटीवर लिहून आईशी भांडत होते आणि आई उत्तर द्यायच्या आत पाटी पुसत होते. दोन वर्षं नऊ महिने.

पण एक रात्र होती.

२००८ चा मार्च. वहिनीचे दिवस भरले होते म्हणून आई डोंबिवलीला दादाकडे गेली होती. घरात बाबा आणि मी. माझं ऑफिस फोर्टात, वर्षअखेरीची कामं, रोज घरी यायला दहा वाजत होते आणि सकाळची लोकल सहा चोपन्नची. तिसऱ्या रात्री मला टाळ्या ऐकू आल्या. दोन. मी जागी होते. हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. मी पूर्ण जागी होते. डोळे मिटून पडून राहिले. मनात म्हटलं, पाणीच हवं असेल, उशाशी जग आहे, घेतील. पुन्हा दोन टाळ्या. मी श्वाससुद्धा झोपेतल्यासारखा लांब घ्यायला लागले, म्हणजे त्यांना वाटावं की मला गाढ झोप लागलीये. आमच्या मध्ये फक्त एक पडदा होता. त्यांच्या गळ्यातून जाणारी-येणारी हवा मला ऐकू येत होती, तेव्हा माझी त्यांना येत असणारच. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केले असावेत, कारण पांघरुणाची सळसळ झाली. टाळी वाजली नाही.

सकाळी उठले तेव्हा जग फरशीवर आडवा होता, आणि फरशी पुसलेली होती. त्यांनी स्वतःच्या बनियनने पुसली होती, ते पिळून गॅलरीत वाळत घातलं होतं. ते खुर्चीत बसून पेपर वाचत होते. माझ्याकडे बघून त्यांनी रोजच्यासारखी मान हलवली. पाटी कोरी होती. मी चहा केला, बशीत ओतून दिला, गाडी पकडली आणि मुलुंड यायच्या आत रडायला लागले. त्यानंतर चार रात्री त्यांनी टाळी वाजवली नाही. मी जागीच असायची, वाट बघत. पाचव्या रात्री वाजली तेव्हा मी इतक्या घाईने उठले की गुडघा पलंगावर आपटला आणि त्याचा डाग दोन महिने राहिला. त्यांना काही नको होतं. दादाचा फोन आला होता आणि मला तो ऐकू आला नव्हता. मुलगी झाली होती.

ती रेवा. बाबा तिच्याशी दीड वर्षं बोलले ते टाळ्यांनीच. पाळण्यात असताना ती त्यांच्या टाळीकडे मान फिरवायची. रांगायला लागल्यावर एक टाळी वाजली की थांबायची, दोन वाजल्या की त्यांच्याकडे यायची. इतरांच्या आजोबांना आवाज असतो, हे तिला तेव्हा ठाऊकच नव्हतं. ऑक्टोबर २००९ मध्ये ते गेले तेव्हा ती घरभर त्यांना शोधत फिरली, आणि मग पलंगासमोर बसून स्वतःच टाळ्या वाजवायला लागली. आतून कोणी येत नाही म्हणून पुन्हा वाजवायची. आईने तिला उचललं. तिला आता यातलं काहीही आठवत नाही. मी विचारून बघितलं आहे.

सिनेमातल्या भुताचं नाव बाथशिबा. रेवाला असल्या गोष्टींची सगळी माहिती असते, तिनेच मला सांगितलं की ही बाई खरोखर होऊन गेली. सिनेमात ती चेटकीण आहे, स्वतःच्या तान्ह्या बाळाचा बळी देणारी, घराबाहेरच्या झाडाला गळफास घेणारी. खरी बाथशिबा शर्मन १८८५ मध्ये गेली. ती चेटकीण होती याला कुठलाही पुरावा नाही. सिनेमा आल्यापासून तिच्या थडग्याच्या दगडाची लोकांनी पुन्हा पुन्हा मोडतोड केली. आणि त्या घरात तेव्हा राहणाऱ्या वयस्कर जोडप्याला रात्री-अपरात्री कुंपणावरून घुसणाऱ्या प्रेक्षकांचा इतका त्रास झाला की २०१५ मध्ये त्यांनी निर्मात्या कंपनीवर दावा लावला. हे ऐकल्यापासून सिनेमाइतकीच ही बाई माझ्या डोक्यात आहे. शंभराहून जास्त वर्षं जमिनीखाली असलेल्या एका बाईकडून लोकांनी हवी तशी भीती काढून घेतली. तिला बोलता येत नाही. बोलता न येणाऱ्या माणसाच्या वतीने इतरांनी बोललं की त्याचं काय होतं, हे मी घरात बघितलंय. बाबांच्या समोर लोक आईला विचारायचे, "यांना साखर चालते का?" बाबांचा हात पाटीकडे जायचा तोवर उत्तर देऊन झालेलं असायचं.

त्या सिनेमातलं सगळं बळ मेलेल्याला घालवण्यात खर्च होतं. निघ, सोड, जा. आपल्याकडेही उतारे आहेत, भगत आहेत, माझ्या आजोळी गुहागरकडे तिन्हीसांजेला नारळीच्या बागेतून जायला आम्हाला बंदी होती आणि मुंजाचं झाड कोणतं ते बोटाने दाखवायचंही नसे. पण दहाव्याला नाशिकला रामकुंडापाशी आम्ही उभे होतो ते कोणाला घालवायला नव्हे. पिंडाला कावळा शिवत नव्हता. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, कावळे समोरच्या पत्र्यावर बसून होते. दादाने हात जोडून म्हटलं, आईला मी सांभाळीन. नाही. काकांनी म्हटलं, वाडीतल्या जागेचं नीट करू. नाही. रेवाच्या शिक्षणाचं झालं, राहिलेल्या उसनवारीचं झालं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीत होते. मी पुढे झाले आणि मनात म्हटलं, त्या रात्री मी जागी होते बाबा. कावळा आला का, असं मला हे वाचणारे विचारतील. आला. पण त्याआधी वाऱ्याने एक पत्रावळ उडाली होती आणि सगळेच कावळे उठले होते, म्हणून मी त्याचं काही मानत नाही. मानायचं नाही असं ठरवून इतकी वर्षं राहिले आहे.

नौपाड्यातली इमारत महापालिकेच्या धोकादायक यादीत आली आणि आम्ही घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर आलो. सामान हलवताना आई दोन दिवस काही बोलली नाही. शेवटचा टेम्पो निघाला तेव्हा ती रिकाम्या खोलीत उभी राहून भिंतीवरची ती जागा बघत होती, जिथे बाबांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. "यांना इथलाच पत्ता माहीत," एवढंच म्हणाली. मी तिला तेव्हा समजावलं, की आई, असं काही नसतं. नव्या घरात पितृपंधरवड्यात ती वाढलेलं पान बाल्कनीत ठेवते. इतक्या वर कावळा फिरकत नाही, पारवे येतात. मग ती पान घेऊन लिफ्टने खाली जाते, बागेच्या कुंपणापाशी ठेवते आणि बाकावर बसून राहते. वॉचमन आता त्या दिवशी तिच्यासाठी खुर्चीही काढून ठेवतो. सतराव्या मजल्यावर रात्री खूप शांत असतं. येऊरच्या बाजूने वारा सुटला की खिडकीच्या फटीतून शीळ येते, अगदी बारीक. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी खिडकी घट्ट लावायला उठले आणि न लावता परत येऊन झोपले.

आईला तांब्याबद्दल विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिनेच दुसऱ्या दिवशी सकाळी, पोहे खाताना, रेवाला म्हटलं, "ते टाळ्यांचं लाव बघू. मला दाखव." रेवाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. रेवाने प्रसंग शोधून काढला, आवाज कमी केला, आईने तो वाढवायला लावला. बाहेर लख्ख ऊन होतं, रिकामं मखर तसंच होतं, आणि आई चष्मा लावून, पुढे सरकून, ती डोळे बांधलेली बाई जिना चढताना बघत होती. कपाट उघडलं. हात आले. टाळ्या वाजल्या. आई जराही दचकली नाही.

"परत लाव."

रेवाने परत लावलं. आई मान तिरपी करून ऐकत होती, गाण्याच्या क्लासमध्ये बाई ऐकतात तसं.

"झोपेत मला तीच वाटली," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण नाही गं. ही कोरडी आहे. आणि दोन्ही हात सरळ आहेत."

मी काही बोलले नाही. रेवा नाश्त्याच्या बशा उचलून आत गेली, नळ सुरू झाला. मग मी म्हटलं, "आई, तू डोंबिवलीला होतीस ना, रेवाच्या वेळी. तेव्हा एका रात्री..." आणि तिथेच थांबले. आईने चष्मा काढून पदराने पुसला. "त्यांनी सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "पाटीवर लिहून. पोर फार दमते, रात्री तिला उठवणार नाही म्हणाले. मीच म्हटलं, उठवा. नाही उठवलंत तर तिला जास्त लागेल."

मला नळाचा आवाज ऐकू येत होता, आणि खाली कुठेतरी पाच दिवसांच्या गणपतीची आरती चालली होती, त्यातल्या टाळ्या इतक्या वर येईपर्यंत विरून जात होत्या. आईने डावा हात मांडीवर ठेवला. बोटं आत वळवली, तळवा अर्धा मिटला. उजव्या हाताची चार बोटं त्याच्यावर ठेवून बघितली, जरा सरकवली, पुन्हा ठेवली, जशी ती पोळी लाटायच्या आधी गोळा हातात बसवते. मग तिने दोनदा वाजवलं. अगदी हळू.

आत नळ बंद झाला.

"आले गं आजी," रेवा म्हणाली.